समुद्रकाठची छत्री आणि वारा

छत्री म्हटली की मराठी माणसाच्या मनात प्रथम पाऊस उभा राहतो. मृगापूर्वी माळ्यावरून उतरणारी, काड्यांना तेलाचा हात फिरवून घेणारी आणि दसऱ्याच्या सुमारास पुन्हा माळ्यावर जाणारी काळी छत्री घरोघरी परिचयाची आहे. उन्हासाठी छत्र धरणे हा मात्र एके काळी राजाचा मान होता. छत्र, चामर आणि अब्दागीर ही सत्तेची चिन्हे होती व ती पेलण्यासाठी स्वतंत्र सेवक नेमलेले असत. आता साधारण कुटुंबही समुद्रावर जाताना मोठी छत्री बरोबर नेऊ शकते आणि चार-पाच माणसे तिच्या सावलीत बसतात. फरक इतकाच की, येथे छत्र धरणारा सेवक नसतो. ते काम वाळूवर सोपविलेले असते. हातातली छत्री वाऱ्याने उलटली तर तिच्या मालकाची फजिती होते; वाळूत रोवलेली छत्री उडाली तर तिचा टोकदार दांडा पलीकडे खेळत असलेल्या दुसऱ्याच्याच मुलाच्या अंगावर जाऊ शकतो. म्हणून या छत्रीची निवड आणि तिचा वापर हा केवळ आपापल्या सोयीचा प्रश्न राहत नाही.

सुरतेच्या दक्षिणेस मुंबईच्या लोहमार्गावर सचिन हे गाव आहे. त्याचा इतिहास समुद्राशी आणि मराठ्यांच्या राजकारणाशीही जोडलेला आहे. जंजिऱ्याच्या गादीवर हक्क सांगणारे सिदी अब्दुल करीम याकूतखान ऊर्फ बाळूमियाँ यांना १७९१ साली पेशव्यांशी झालेल्या करारान्वये सुरतेनजीकचा मुलूख मिळाला आणि सचिन संस्थान उदयास आले. १९४८ साली ते भारतात विलीन झाले. तापीच्या मुखाच्या दक्षिणेस असलेला डुमसचा किनारा याच संस्थानात होता आणि नवाबांचा समुद्रकाठचा राजवाडाही तेथेच होता. आज सचिनची ओळख औद्योगिक वसाहत, यंत्रमाग आणि कापडाचे रंगकाम यांसाठी आहे. तापीच्या खोऱ्यातून येणाऱ्या लोहमार्गाने धुळे, जळगाव आणि नंदुरबारकडची हजारो मराठी कुटुंबे पोटापाण्यासाठी सुरत परिसरात आली व तेथेच स्थिरावली. सुट्टीच्या दिवशी समुद्र पाहावा असे त्यांच्या मुलांना वाटले, तर जवळचा किनारा डुमसचाच. तेथे टोमॅटोच्या भज्यांच्या गाड्या असतात, भाजलेली कणसे असतात, आणि पायाखाली प्रसिद्ध अशी काळी वाळू असते. काळा रंग ऊन शोषून घेतो. त्यामुळे दुपारी ही वाळू पाय ठेववणार नाही इतकी तापते. अशा ठिकाणी सावली ही चैन नसून गरज आहे.

तथापि जे ऊन छत्रीची गरज निर्माण करते, तेच ऊन तिचा शत्रूही निर्माण करते. सकाळी सूर्य वर चढू लागला की जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते. जमिनीवरची हवा हलकी होऊन वर जाते आणि तिची जागा घेण्यास समुद्रावरची थंड हवा धावून येते. हाच दिवसाचा खारा वारा. दुपारी दोन ते पाच या सुमारास त्याचा जोर सामान्यतः सर्वांत अधिक असतो. रात्री जमीन निवल्यावर उलट दिशेचा, जमिनीवरून समुद्राकडे जाणारा मंद वारा सुरू होतो. चैत्र-वैशाखात मोसमी पावसाच्या आगमनापूर्वी पश्चिम व नैर्ऋत्य दिशेचा हा वारा विशेष बळावतो. म्हणजे सावली ज्या प्रहरी सर्वांत हवीशी वाटते, त्याच प्रहरी वारा ती हिरावून नेण्यास सिद्ध असतो.

वाऱ्याच्या जोराविषयी सामान्य माणसाचा अंदाज बहुधा चुकतो. वेग दुप्पट झाला म्हणजे जोरही दुप्पट होईल असे वाटते. वस्तुतः तो चौपट होतो. इमारतींवरील वाऱ्याच्या भाराचा हिशेब करताना भारतीय स्थापत्यशास्त्रज्ञ जे सूत्र वापरतात, त्यातही वेगाचा वर्गच धरलेला आहे. त्या हिशेबाने ताशी २० किलोमीटर वेगाचा वारा एक चौरस मीटर पृष्ठभागावर सुमारे २ किलो वजनाइतका दाब देतो. ताशी ४० किलोमीटरला हा दाब सुमारे ८ किलो आणि ताशी ६० किलोमीटरला सुमारे १७ किलो होतो. दोन मीटर व्यासाच्या छत्रीचे क्षेत्रफळ तीन चौरस मीटरहून थोडे अधिक भरते. वारा तिच्या पोटात सरळ शिरला तर तिचा वाटीसारखा आकार त्याला आणखी अडवितो आणि ताशी ४० किलोमीटरच्या वाऱ्यात तीसहून अधिक किलोची ओढ दांड्यावर येते. शिवाय ही ओढ दांड्याच्या वरच्या टोकाशी असते. पहारीच्या लांब टोकाला लहान मूल लोंबकळले तरी जड दगड हलतो. त्याच न्यायाने उंच दांड्याच्या माथ्यावरचा जोर वाळूतील बुडखा उपटून काढतो. छत्री वाऱ्याला टिकते की नाही याचा निकाल तिच्या छतापेक्षा पायाशी अधिक लागतो.

निवड करताना म्हणूनच आकाराचा मोह प्रथम आवरला पाहिजे. व्यास दोन मीटरवरून अडीच मीटरवर गेला की सावली दीडपट होते, परंतु वाऱ्याला मिळणारा पृष्ठभागही दीडपट होतो; तीन मीटरच्या छत्रीत तर तो सव्वादोन पटींहून कमी नसतो. चार माणसांच्या कुटुंबास दोन ते सव्वादोन मीटरची छत्री पुरते. माणसे अधिक असतील तर एक अवाढव्य छत्री घेण्यापेक्षा दोन मध्यम छत्र्या घेणे शहाणपणाचे. उंचीच्या बाबतीतही संयम हवा. कोकणात भातलावणी करणारा शेतकरी डोक्यावरून पाठीवर इरले घेतो. बांबूच्या कामट्या आणि पाने यांचे ते आच्छादन पाठीला धरून असते, त्याला दांडा नसतो. त्यामुळे भर पावसातला वारा त्याच्या पाठीवरून घसरून जातो. समुद्रकाठच्या छत्रीला दांडा टाळता येत नाही, परंतु तो सरकवून आखूड करता येत असेल तर वारा वाढताच छत खाली आणता येते. खाली बसणाऱ्याला उभे राहण्याइतकी उंच सावली लागतच नाही.

दांडा जाड, सरळ आणि सांध्यावर न डुलणारा असावा. दोन तुकडे एकमेकांत बसविणारा सांधा हेच त्याचे सर्वांत दुबळे स्थान होय. तेथे नुसत्या घर्षणावर विसंबलेली पकड नसावी, आरपार जाणारी खीळ किंवा मळसुत्री आटे असावेत. ॲल्युमिनियम खाऱ्या हवेत लोखंडासारखे गंजत नाही आणि हलकेही असते. लोखंडी दांडा घेतला तर त्यावर जस्ताचा लेप असलाच पाहिजे. काड्यांचा इतिहास मनोरंजक आहे. इंग्लंडमधील सॅम्युएल फॉक्स यांनी १८५२ साली पन्हळीच्या आकाराच्या पोलादी काड्या काढल्या आणि छत्री एकदम हलकी व मजबूत झाली. समुद्रावरच्या वाऱ्याला मात्र काचतंतूंच्या काड्या अधिक मानवतात. पोलादी काडी एकदा वाकली की वाकडीच राहते. काचतंतूंची काडी वेळूप्रमाणे लवते आणि झोत ओसरल्यावर पूर्ववत होते. दुकानातच एक काडी हळूच वाकवून पाहिली तर हा फरक हाताला कळतो.

छताच्या शेंड्याशी दुहेरी कापड असलेली, मधून हवा निसटू देणारी छत्री घ्यावी. स्वयंपाकघराच्या छपराला धुराडे असते त्याप्रमाणे या फटीतून पोटात शिरलेल्या हवेला वाट मिळते आणि छत्री उचलली जाण्याचा संभव कमी होतो. ही फट नुसती शिवणीची शोभा नसून खरोखर उघडी आहे ना, हे बोट घालून पाहावे. कापडाच्या बाबतीत सचिनच्या मागावर काम करणाऱ्याला निराळे काही सांगावयास नको. ताणा-बाणा घट्ट असेल तर ऊन कमी झिरपते. गडद रंग फिक्या रंगापेक्षा सूर्याचे अतिनील किरण अधिक अडवितो. कापड उजेडाकडे धरून पाहिले असता चाळणीसारखे ठिपके दिसू नयेत. कापडावर ५० हा संरक्षणांक लिहिलेला असेल तर त्याचा अर्थ असा की, वरून पडलेल्या अतिनील किरणांपैकी सुमारे पन्नासावा भागच आरपार जातो. काडीची टोके ज्या खिशांत बसतात तेथे दुहेरी शिवण आहे की नाही, हेही पाहून घ्यावे. बहुतेक छत्र्या तेथेच फाटतात.

आता पायाविषयी. नुसता टोकदार दांडा वाळूत खुपसणे म्हणजे कोरड्या पिठात काडी उभी करण्यासारखे आहे. दांड्याच्या बुडाशी मळसूत्रासारखा फाळ असेल तर तो फिरवीत खोल नेता येतो व वरची वाळू त्याला दाबून धरते. दुसरा उपाय गोणीचा. कोरड्या वाळूचे वजन लिटरला सुमारे दीड किलो भरते. म्हणून दहा लिटर वाळू मावणारी एक साधी विणीची पिशवी पंधरा किलोचा भार देते. अशा दोन पिशव्या दांड्याच्या बुंध्याशी घट्ट बांधाव्यात. याहून अधिक धरणारा उपाय म्हणजे पिशवीला दोर बांधून ती हात-दीड हात खोल पुरणे आणि दोराचे दुसरे टोक दांड्याच्या वरच्या भागाला ताणून बांधणे. असे तीन दोर तीन दिशांना असले म्हणजे छत्री तंबूसारखी उभी राहते. दोरांवर रंगीत चिंध्या मात्र बांधाव्यात, नाहीतर धावणारी मुले त्यांत अडखळतील.

जागा निवडताना डुमसच्या समुद्राचा स्वभाव ध्यानात घ्यावा लागतो. हा किनारा खंभातच्या आखाताच्या तोंडाशी आहे. आखातात आत शिरणारे पाणी निमुळत्या जागेत चेपले जाते आणि भरती-ओहोटीतील अंतर फार वाढते. भावनगरजवळ ते १० मीटरच्या वर जाते. डुमसला ते त्याहून कमी असले तरी किनारा सपाट असल्यामुळे ओहोटीत पाणी फार दूर जाते आणि भरतीला तेच अंतर झपाट्याने कापून परत येते. ओलसर वाळू दांडा उत्तम धरते, कोरडी भुसभुशीत वाळू धरीत नाही. म्हणून नवखा माणूस पाण्याजवळच्या ओल्या पट्ट्याकडे वळतो आणि तासाभरात सामानासह उठतो. भरतीने आणून टाकलेल्या काडीकचऱ्याची रेघ किनाऱ्यावर स्पष्ट दिसते. तिच्या वरच्या बाजूसच छत्री उभी करावी. तेथील वरचा कोरडा थर हाताने दूर सारला की खाली बहुधा ओल लागते. रोवण्याची सुरुवात त्या ओलीपासून करावी आणि खड्ड्यात थोडे समुद्राचे पाणी ओतून वाळू पायाने दाबावी.

दांडा कमीत कमी ६० सेंटीमीटर आत गेला पाहिजे. तो हातोड्याने ठोकण्यापेक्षा मागे-पुढे हेलकावीत खाली नेला तर वाळू त्याच्याभोवती बसत जाते. ही सर्व खटपट छत्री मिटलेली असताना करावयाची असते. उघडलेली छत्री हातात घेऊन खड्डा शोधणारा माणूस स्वतःच शीड झालेला असतो. दांडा घट्ट झाल्यावर तो वाऱ्याच्या दिशेकडे किंचित झुकवावा, म्हणजे वारा छताच्या पाठीवर पडून छत्रीला खाली दाबतो. ती वाऱ्याच्या उलट दिशेला झुकली तर तोच वारा पोटात शिरून तिला वर उचलतो. वाऱ्याची दिशा ओळखण्यास मूठभर कोरडी वाळू हातातून सोडून पाहणे पुरेसे आहे.

येथे पश्चिम किनाऱ्याला निसर्गाने एक सवलत दिली आहे. दुपारनंतर सूर्य समुद्राच्या अंगाला असतो आणि वाराही तिकडूनच येतो. म्हणून छत्री समुद्राकडे झुकविली की सावली आणि स्थैर्य दोन्ही साधतात. हिवाळ्यातील सकाळी सूर्य जमिनीच्या अंगाला असतो व वाराही पुष्कळदा जमिनीवरून वाहतो. तेव्हा ती जमिनीकडे झुकविणे योग्य. धोका असतो तो या दोहोंच्या मधल्या वेळी. मध्यान्हाच्या सुमारास वारा फिरतो आणि सकाळी पूर्वेकडे झुकविलेली छत्री पश्चिमेच्या वाऱ्याला आपले उघडे पोट दाखवीत उभी राहते. कुटुंब तोवर पाण्यात उतरलेले असते किंवा भज्यांच्या गाडीपाशी गेलेले असते. छत्रीखाली कोणी नाही म्हणून ती निरुपद्रवी आहे असे मानणे ही मोठी चूक होय. जागेवरून उठताना छत्री मिटावी, हा नियम त्यामुळेच घालून घ्यावा लागतो.

अशा उपेक्षेची किंमत इतर देशांनी मोजली आहे. अमेरिकेत २०१६ साली व्हर्जिनिया बीच येथे आणि २०२२ साली दक्षिण कॅरोलिना राज्यातील गार्डन सिटी येथे वाऱ्याने उडालेल्या छत्रीचा आघात होऊन एकेक स्त्री मृत्युमुखी पडली. त्यानंतर २०२४ साली तेथे समुद्रकाठच्या छत्र्या व त्यांची धरणी यांसाठी स्वतंत्र मानक प्रसिद्ध झाले. छत्रीने आपल्या धरणीसह ताशी सुमारे ४८ किलोमीटरच्या वाऱ्यापर्यंत किंवा सुमारे ३४ किलोच्या ओढीपर्यंत जागा सोडू नये, अशी त्यातील अपेक्षा आहे. वेष्टनावर ‘वारारोधक’ एवढाच शब्द असेल तर त्याला अर्थ नाही. किती वेगाच्या वाऱ्यात आणि कोणत्या पायासह, हे सांगणारा आकडा ग्राहकाने मागितला पाहिजे.

हा आकडा कळला तरी किनाऱ्यावर प्रत्येकाजवळ वायुमापक नसतो. त्याची उणीव डोळे भरून काढू शकतात. ब्रिटिश आरमारातील फ्रान्सिस ब्यूफर्ट यांनी १८०५ साली वाऱ्याच्या जोराच्या पायऱ्या ठरविल्या आणि पुढे त्यांना जमिनीवरील खुणांची जोड मिळाली. धूळ व कागद उडू लागले, झाडांच्या लहान फांद्या हलू लागल्या, की चौथी पायरी आली; वारा ताशी २० ते २८ किलोमीटर झाला. पालवीने भरलेली लहान झाडे डोलू लागली की पाचवी, म्हणजे ताशी ३८ किलोमीटरपर्यंत. मोठ्या फांद्या हलतात आणि छत्री वापरणे कठीण होते ती सहावी, ताशी ४९ किलोमीटरपर्यंतची. जगभर मान्य झालेल्या या कोष्टकात छत्रीलाच मापाचे स्थान मिळाले आहे. समुद्रकाठच्या मोठ्या छत्रीच्या मालकाने सहाव्या पायरीची वाट पाहू नये. चौथीला दोर आणि गोण्या तपासाव्यात, पाचवीला छत्री मिटावी. क्षितिजावर काळे ढग किंवा वीज दिसली तर मात्र पायऱ्या मोजीत न बसता किनारा सोडावा.

मिटण्याचीही रीत आहे. वाऱ्याकडे तोंड करून, एका हाताने दांडा धरून छत खाली ओढावे, पट्टा बांधावा आणि मगच दांडा उपटावा. छत्री निसटलीच तर तिच्यामागे धावून दांडा पकडण्याचा पराक्रम करू नये. मोठ्याने ओरडून तिच्या वाटेतील लोकांना सावध करावे आणि ती जमिनीवर टेकल्यावर बाजूने जाऊन छत दाबून धरावे.

छत्रीच्या सावलीवर भरवसाही मापानेच ठेवावा. टेक्सासमधील एका सरोवराच्या काठी ८१ माणसांवर केलेल्या आणि २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात साडेतीन तास केवळ छत्रीखाली बसलेल्यांपैकी ७८ टक्के लोकांची त्वचा कोठे ना कोठे भाजलेली आढळली. सूर्यकिरणरोधक लेप लावलेल्यांत हे प्रमाण २५ टक्के होते. आकाशातून विखुरलेले व वाळू-पाण्यावरून परतलेले किरण बाजूने आत येतात. तेव्हा छत्रीखालीही अंगभर सुती कपडे, टोपी आणि पिण्याचे पाणी यांना पर्याय नाही.

घरी परतल्यावर छत्री गोड्या पाण्याने धुवावी. खाऱ्या पाण्याचे कण राहिले तर खिळी आणि सांधे आतून खाल्ले जातात. ती उघडून सावलीत पूर्ण वाळवावी, सांध्यांना तेलाचा थेंब द्यावा आणि मगच गुंडाळावी. पुढच्या खेपेस निघण्यापूर्वी प्रत्येक काडीचे टोक आपल्या खिशात आहे ना, हे पाहावे.

डुमसला भज्यांच्या गाडीवर छत्री लावणाऱ्या विक्रेत्याची दिवसभराची कमाई तिच्या सावलीत उभी असते. गाडीचेच वजन तिचा पाया होते, आणि वाऱ्याचा रोख बदलताच आपला धंदा सांभाळण्यासाठी त्याला वर पाहावेच लागते. समुद्रात होडी नेणारा नाखवाही शिडाचा अभिमान धरीत नाही. वारा फिरला की तो ते उतरवितो आणि त्यात त्याला कमीपणा वाटत नाही. सुट्टीसाठी आलेल्या कुटुंबाला अशी निकड नसते, म्हणूनच त्याचे लक्ष प्रथम ढळते. भक्कम दांडा, लवचिक काड्या आणि खोल पाया यांसाठी खर्च केलेला पैसा वाया जात नाही, परंतु त्यांनी वाऱ्याची मर्यादा केवळ थोडी पुढे ढकलली जाते. त्या मर्यादेपाशी छत्री मिटण्याचे काम माणसालाच करावे लागते, आणि पलीकडे वाळूचे किल्ले बांधीत बसलेल्या मुलांची सुरक्षितता त्या दोन मिनिटांवर अवलंबून असते.